जहाजावर पट्ट्याला चाकू हवा का? एका जुन्या बोसनचं उत्तर

रत्नागिरीच्या एका मुलाचा प्रश्न आहे. जीपी रेटिंगचा, म्हणजे साध्या खलाशाचा, सहा महिन्यांचा कोर्स झालाय, पुढच्या महिन्यात बल्क कॅरिअरवर (सुटा माल वाहणाऱ्या जहाजावर) ट्रेनी म्हणून चढणार आहे. तो विचारतो, 'जुने खलाशी कमरेला चाकू लावायचे असं ऐकलं. आजच्या जहाजावर त्याचा खरंच उपयोग असतो की नुसती ऐट? घ्यायचा तर कसला घ्यावा, आणि विमानातून नेता येतो का?'

ऐट असतेच, खोटं कशाला बोलू. पहिल्या जहाजावर चढताना मी मुंबईत फोर्टच्या फुटपाथवरून एक भलामोठा, दोन्ही बाजूंनी धार असलेला, टोकदार चाकू घेतला होता. सारंगांनी, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमांनी, तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "बकरा कापायला आलायस काय?" चाकू कसाबाच्या कपाटात गेला आणि साइन ऑफ होईपर्यंत, म्हणजे मी जहाज सोडेपर्यंत, तिथेच राहिला. (कसाब म्हणजे खाटीक नव्हे. तेव्हाच्या हिंदी क्रूच्या जहाजांवर दोर, रंग, सुतळी सांभाळणाऱ्या भांडारवाल्याला कसाब म्हणत. आता ही नावं कानावर पडत नाहीत. सारंगाचा बोसन झाला.) डेकवर मी ३४ वर्षं काढली. तेवढ्यात कळलं ते इतकंच की जहाजावर चाकूचं वैर फक्त दोराशी. बाकी जे काही त्याच्याकडून करून घेतात त्याला दुसरं हत्यार असतं.

आधी एक प्रसंग सांगतो, म्हणजे चाकू कमरेलाच का, खिशात का नाही, हे वेगळं सांगावं लागणार नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. युरोपातलं एक थंड बंदर, पहाटेची वेळ, आम्ही मागच्या डेकवर टग (जहाज ओढणारी छोटी बोट) सोडत होतो. टगचा जाड दोर बिट्सवरून, म्हणजे डेकवरच्या लोखंडी खुंटांवरून, काढला की त्याच्या फासाला बांधलेली मेसेंजर, म्हणजे बारीक दोरी, हळूहळू आरिया करायची (सैल सोडत उतरवायची) असते. बिट्सला वेढा देऊन, टगच्या माणसांना दोर ओढून घेता येईल अशा बेताने. त्या दिवशी फास निघाला आणि टग जरा लवकर सरकला. जड दोर पाण्यात पडला आणि आपल्याबरोबर मेसेंजर घेऊन सुटला. एक पोरगा त्या मेसेंजरच्या वेटोळ्यात उभा होता. घोट्याला फास बसला, तो आडवा झाला आणि फेअरलीडच्या, म्हणजे दोर बाहेर जायच्या भोकाच्या, दिशेने असा गेला की जणू कुणी पोतं ओढतंय. सारंगांनी झेप घेऊन उजव्या हाताने त्याच्या कमरेला विळखा घातला. त्यांचा डावा हात पाठीमागे गेला, कमरेच्या मध्यावरून चाकू निघाला आणि फेअरलीडच्या अगदी तोंडाशी त्यांनी दोरीवर धार टेकवली. टेकवली म्हणतो, घासली नाही. ताणलेली दोरी धार लागताच फटकन तुटली आणि बाहेरचं टोक फेअरलीडमधून पाण्यात गेलं. पोराचा घोटा मोडला, पाय राहिला.

यात तीन गोष्टी बघ. चाकू पाठीच्या मध्यावर होता म्हणून डाव्या हाताला सापडला. उजवा तर गुंतलेला होता. उजव्या बाजूला लावलेला असता तर डाव्या हाताने पोटावरून वळसा घेऊन काढावा लागला असता. दुसरं, तो न उघडता हातात आला. घडीचा चाकू असता तर उघडायला दुसरा हात कुठून आणायचा? तिसरं, दोरी तोडली ती फेअरलीडजवळ, म्हणजे ताण असलेला तुकडा बाहेर राहिला आणि उसळणारं टोक कुणाच्या अंगावर आलं नाही. ही तिसरी गोष्ट चाकू विकत घेऊन येत नाही.

सारंगांनी नंतर शिव्या घातल्या त्या मला. मेसेंजरची वेटोळी तिथे मी टाकली होती.

असे प्रसंग किती येतात? माझ्या वाट्याला ३४ वर्षांत दोनच आले. पण त्या दोन वेळांसाठी चाकू रोज कमरेला आणि रोज धारदार लागतो. धारदार ठेवायचा तर तो रोज वापरातही लागतो. रोजचं काम म्हणजे चाकूची तालीमच समज.

आता रोजचं काम. नवीन दोराचं भेंडोळं आलं की हवा तेवढा तुकडा तोडायचा. तो कुठेही धरून कापू नकोस, पीळ सुटून टोकाचा झाडू होतो. जिथे कापायचं तिथे आधी टेप घट्ट गुंडाळ आणि टेपच्या मधोमध काप. जुनी माणसं टेपच्या जागी दोन्हीकडे सुतळीची व्हिपिंग (घट्ट वेढे) घालायची आणि मधून तोडायची. तेच पक्कं काम. व्हिपिंगची रुंदी दोराच्या जाडीइतकी किंवा दीडपट. नायलॉन, पॉलिप्रॉपिलीन असले दोर टोकाला जाळून वितळवतात. झटपट होतं, पण थंड झाल्यावर त्या टोकाला काचेसारखी कड येते. तोच दोर वेगाने हातातून सरकला तर तळहात फाडतो. जाळायचंच असेल तर गरम असताना दाबून गोल कर, आणि त्यावर व्हिपिंगही घाल.

जाड दोर हवेत धरून करवतीसारखा कापत बसू नये. लाकडी ठोकळा घे, दोर त्यावर ठेव, पातं आडवं टेकव आणि पात्याच्या पाठीवर लाकडी मोगरीने ठोक. दोन ठोक्यांत कडकन तुकडा पडतो. खलाशाच्या चाकूची पाठ जाड आणि धार सरळ असते ती यासाठीच. धार पोटासारखी वळलेली असेल तर मधलाच भाग लाकडाला टेकतो आणि कडेचे धागे राहतात. या आकाराला इंग्रजीत मेंढीच्या खुराचं नाव आहे, शीप्सफूट. टोक खाली उतरलेलं, अणी नाहीच.

अणी का नाही, याच्या दोन कहाण्या आहेत. शिडांच्या काळात माणसं डोलकाठीवर, परबाणावर (शीड बांधायच्या आडव्या काठीवर) काम करायची. वरून सुटलेला चाकू अणीवर पडला तर खालच्याचा जीव जायचा. ही एक. दुसरी अशी की कप्तानांना खलाशांच्या मारामाऱ्यांची धास्ती असायची, म्हणून जहाजावर आल्या आल्या चाकूंची टोकं मोडून घ्यायचे. दुसरी कहाणी नुसती थाप म्हणून सोडून देऊ नकोस. अमेरिकेच्या कायद्यात एकोणिसाव्या शतकापासून आजवर एक कलम आहे. व्यापारी जहाजावरच्या खलाशाने कप्तानाच्या परवानगीशिवाय म्यानातला चाकू लावायचा नाही, आणि कप्तानाने हे त्याला भरतीआधी सांगायचं. सांगितलं नाही तर कप्तानाला दंड. दारू, कंटाळा आणि म्यानातलं पातं एकत्र आलं की काय होतं ते त्या काळच्या लोकांना पक्कं माहीत होतं. म्हणून तूही काम संपलं की चाकू कपाटात ठेव. मेसरूममध्ये चाकू लावून जेवायला बसणारा माणूस मला कधीच आवडला नाही.

स्प्लाइस करताना, म्हणजे पेड एकमेकांत गुंफून दोर जोडताना, चाकू बाजूला ठेवायचा. पेड उघडायला फिड म्हणजे लाकडी सुळका, वायरसाठी लोखंडी मार्लिनस्पाइक. चाकूच्या टोकाने पेड उघडणारा दोराचे धागे आतल्या आत कापतो, वरून काही दिसत नाही, आणि तो स्प्लाइस नेमका ताणाच्या वेळी दगा देतो. चाकू लागतो तो शेवटी, बाहेर राहिलेली पेडांची टोकं छाटायला. तेही अगदी मुळापासून नाही, बोटभर सोडून. दोर ताण घेतो तेव्हा पेड थोडे आत सरकतात.

बाकी किरकोळ. हॅच कव्हरच्या (मालखान्याच्या झाकणाच्या) सांध्यावरची टेप सोडवणं, डनेज (मालाखाली घालायची लाकडं) बांधलेल्या दोऱ्या तोडणं, कॅनव्हास कापणं, फेकायच्या दोरीचं सडकं टोक छाटणं. त्या फेकायच्या दोरीवरून आठवलं. हिव्हिंग लाइनच्या टोकाला मंकी फिस्ट नावाची गोल गाठ असते. दोरी लांब जावी म्हणून काही शहाणे तिच्यात नट नाहीतर शिशाचा गोळा भरतात. खाली टगवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात तो गोळा बसला तर काय होईल, विचार कर. म्हणून टगवाले अशी गाठ दिसली की सरळ चाकूने उडवून टाकतात आणि उरलेली दोरी परत देतात. बरोबर करतात. मंकी फिस्टमध्ये दोराशिवाय काहीही नको.

आता कापू नये ते. मूरिंगचा, म्हणजे जहाज धक्क्याला बांधायचा, दोर ताणाखाली असताना त्याच्या जवळही चाकू नेऊ नकोस. नायलॉन ताणला की लांबतो आणि ती सगळी ताकद पोटात धरून बसतो. तुटला की टोक कुठल्या दिशेने येतं ते डोळ्यांना दिसतही नाही. अशा दोराला विंचचा (दोर ओढणाऱ्या यंत्राचा) ब्रेक सैल करून उतरवायचं. मेसेंजरला धार टेकवणं वेगळं. ती बारीक होती, मागे माणूस नव्हता, आणि दोरीत जिवंत पाय होता. वायर रोपला चाकू लावणं म्हणजे धारेचं वाटोळं. पायलट लॅडरच्या, म्हणजे बंदराचा वाटाड्या चढतो त्या दोराच्या शिडीच्या, बाबतीत तर स्वतःचं डोकं चालवूच नकोस. एखादा पेड विस्कटलेला दिसला, पायरीची बांधणी सैल वाटली, तर छाटून, गुंडाळून 'ठीक' करायची नाही. आधी चीफ ऑफिसरला दाखव. त्या शिडीवरून रात्री, भर समुद्रात, एक परका माणूस चढत असतो.

आणि चाकू म्हणजे स्क्रू ड्रायव्हर नाही, रंगाचे डबे उघडायची पट्टी नाही, गंज खरवडायचा स्क्रॅपर नाही. हे प्रत्येक बोसन सांगतो आणि प्रत्येक पोरगा एकदा तरी करतो. पातं मोडतं तेव्हा मोडलेला तुकडा बहुधा दुसऱ्या हातात घुसतो. चाकूच्या जखमा मी ज्या ज्या पाहिल्या, त्या बहुतेक दोर धरलेल्या हाताच्या. कापताना धार स्वतःपासून लांब जाऊ दे. दुसऱ्याला चाकू द्यायचा तर खाली ठेव, तो उचलेल. आपल्याकडे सुरी हातात देऊ नये, भांडण होतं असं म्हणतात. डेकवर भांडण होत नाही, जहाज हललं की बोट जातं.

खरेदीचं. महागाच्या मागे लागू नकोस. स्वीडनमधल्या मोरा गावच्या नावाने मिळतात तसले साधे चाकू मी वर्षानुवर्षं वापरले. साधारण १० सेंटीमीटरचं पातं, प्लॅस्टिकची जाड मूठ, प्लॅस्टिकचं म्यान. टोक अणकुचीदार असतं, ते कानशीने गोल करून घे. स्टेनलेस घे. कार्बन स्टीलची धार सुरेख लागते, पण खाऱ्या हवेत एका रात्रीत तांबूस ठिपके येतात आणि ट्रेनीला रोज तेल लावायला वेळ मिळत नाही. चामड्याचं म्यान दिसतं छान. ते मीठ शोषतं, ओलं राहतं आणि पातं आतून खातं. म्यानाच्या तळाला पाणी जायला भोक आहे ना, तेवढं बघ.

दातेरी की साधी धार? पॉलिप्रॉपिलीनचा ओला, गुळगुळीत दोर दातेरी पातं पटकन पकडतं. डायनीमासारख्या कृत्रिम धाग्याच्या दोरावरून साधी धार घसरते, तिथेही दाते बरे. पण दातेरी धार जहाजावर लावणं जमत नाही. मी साधीच वापरली, आणि तिला सहाणेवर जरा खरबरीत ठेवली. हजामाच्या वस्तऱ्यासारखी तुळतुळीत धार दोरावर लवकर मरते. खरबरीत धार धाग्यांना चावते. मधल्या दर्जाच्या दगडावर दोन्ही बाजूंनी सारखे हात, की थांब. काम झालं की गोड्या पाण्याने धुऊन कोरडा कर, यंत्राच्या पातळ तेलाचं बोट फिरव. घरून खोबरेल नेलंस तर ते केसांना लाव. पात्यावर ते चिकट होतं.

कुठे लावायचा? शिडांच्या जहाजावर पाठीच्या मध्यावर, कुठल्याही हाताला सापडावा म्हणून. आज बॉयलर सूट, त्यावर हार्नेस, त्यावर लाइफजॅकेट, पावसात रेनकोट. पाठीवरचा चाकू या सगळ्याखाली गाडला जातो. म्हणून पूर्ण कपडे चढवून बघ. पट्टा सगळ्यांच्या वरून, चाकू कमरेच्या मागच्या कोपऱ्यात, दोन्ही हातांनी पोहोचेल अशा जागी. एकदा ठरली की जागा बदलायची नाही. उंचावर काम असेल तर मुठीला लॅनियार्ड (चाकू पडू नये म्हणून बांधायची दोरी) हवीच, हात पूर्ण लांबवता येईल इतकी. विंचजवळ मात्र लोंबणारी दोरी काढून ठेव. फिरत्या ड्रमला गुंडाळायला एवढीशी दोरी पुरते. गळ्यात तर कधीच नको.

मात्र हे सगळं घेण्याआधी कंपनीला विचार. आता कितीतरी कंपन्या म्यानातला चाकू चालवून घेत नाहीत. डेकवर पातं आपोआप आत जाणारा सेफ्टी कटर किंवा आत धार असलेला हुक देतात. टेप, प्लॅस्टिकच्या पट्ट्या यांना तो उत्तम. जाड दोराला तो पुरत नाही, तिथे बोसनच्या स्टोअरमध्ये मोठं हत्यार असतं. जहाजाचा नियम काहीही असला तरी तो पाळ. पहिल्याच आठवड्यात चीफ ऑफिसरशी चाकूवरून वाद घालणारा ट्रेनी कुणाला नको असतो.

एक चाकू मात्र कुठलीही कंपनी काढू शकत नाही. लाइफराफ्टमधला, म्हणजे जीव वाचवायच्या फुगवण्याच्या तराफ्यातला. आंतरराष्ट्रीय नियमानुसार प्रत्येक राफ्टला एक चाकू लागतो. घडीचा नाही, मूठ पाण्यावर तरंगणारी, लॅनियार्ड बांधलेली, आणि जागा ठरलेली, छताच्या बाहेरच्या खिशात, पेंटर (राफ्टला जहाजाशी बांधणारा दोर) राफ्टला जिथे बांधलेला असतो त्याच्याजवळ. १३ किंवा त्याहून जास्त माणसांच्या राफ्टला दुसराही हवा, तो घडीचा चालतो. लाइफबोटीत दोन कुऱ्हाडी, दोन्ही टोकांना एकेक, आणि दोरीने बांधलेला घडीचा चाकू. राफ्टमधला तो चाकू शोधायची वेळ येते तेव्हा अंधार असतो, आत माणसं कोंबलेली असतात आणि पेंटर बुडत्या जहाजाला बांधलेला असतो. म्हणून ड्रिलच्या वेळी 'पेंटर कुठे, चाकू कुठे' हे विचारायला लाजू नकोस. आणि गंमत बघ, राफ्टमध्ये उतरताना तुझ्या कमरेचा चाकू नीट म्यानात हवा, नाहीतर काढून दिलेला. हवेच्या त्या नळकांड्यांना टोकदार काही लागू द्यायचं नाही.

तुझ्या आसपासच ट्रॉलरवाले असतील, त्यांनाही विचार. जाळ्याची दोरी पंख्यात अडकली की तोंडात सुरी धरून बोटीखाली उतरणारी माणसं मी हर्णैला पाहिलीत. अंगावर काटा येतो. तुला शिकायचं ते त्यांच्या सुरीच्या धारेबद्दल. उतरण्याबद्दल नाही.

प्रवासाचं. विमानात हातातल्या बॅगेत चाकू जाणारच नाही. म्यानात घालून, मोज्यात गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत ठेव. वाटेत ज्या देशांतून जाणार तिथले नियम एजंटला विचारून घे. परदेशात किनाऱ्यावर उतरताना चाकू जहाजावरच ठेवायचा, मग तू थेट डेकवरून निघालास तरी. ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय म्यानातला चाकू घेऊन रस्त्यावर फिरणं हा गुन्हा आहे. तिथे तीन इंचांपर्यंतच्या, लॉक न होणाऱ्या घडीच्या चाकूलाच सूट आहे. जपानमध्ये सहा सेंटीमीटरच्या वरचं पातं विनाकारण जवळ बाळगता येत नाही. 'मी खलाशी आहे' हे कारण दारूच्या दुकानात पोलिसाला पटत नाही. आमच्या जहाजावरच्या एकाची संपूर्ण शोअर लीव्ह चौकीत गेली होती, आणि चाकू तर परत मिळालाच नाही.

तुझ्याकडे अजून महिना आहे. मिरकरवाड्याच्या जेटीवर टाकून दिलेल्या दोराचे तुकडे पडलेले असतात. चार-पाच जाडीचे गोळा करून घरी आण. ओले कर, हातात ओले रबरी मोजे घाल, डोळे मीट आणि डाव्या हाताने म्यानातून चाकू काढून दोर तोड. पहिल्या दिवशी चाकू हातातून पडेल, म्हणून पायात बूट घाल आणि घरातल्या लहान मुलांना अंगणात येऊ देऊ नकोस.